उसना झेंडा: नाउरूचा एक वेटलिफ्टर आणि त्याच्या देशाची ऑलिंपिकपर्यंतची वाट

लहान देशांच्या ऑलिंपिक इतिहासाबद्दल लिहिताना बहुतेक जण पदकं मोजतात. नाउरूच्या बाबतीत ते मोजणं एका ओळीत संपतं, कारण ऑलिंपिकमध्ये नाउरूला आजवर एकही पदक मिळालेलं नाही. तरीही एखादा देश मुळात त्या मैदानात पोहोचतो कसा, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं प्रकरण मला माहीत नाही. यातला मुख्य पेच 1990 ते 1996 या सहा वर्षांतला आहे. एका तरुण वेटलिफ्टरला दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेऊन ऑलिंपिकला जावं लागलं आणि पुढच्या वेळी तो स्वतःच्या देशाचं नाव छातीवर लावून परत आला. या प्रवासातल्या माणसांची नावं सार्वजनिक नोंदींत आहेत, म्हणून ती इथेही जशीच्या तशी दिली आहेत. पर्यायांची तोलमोल मात्र माझी आहे. त्या वेळी कोण काय बोललं, हे सांगण्याचा माझा दावा नाही.

पार्श्वभूमी

नाउरू हे पॅसिफिक महासागरात विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असलेलं 21 चौरस किलोमीटरचं बेट. 1990 च्या आसपास तिथली लोकवस्ती दहा हजारांच्या घरात होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. बेटाचा मधला भाग फॉस्फेटसाठी उकरून काढलेला. माती गेली आणि चुनखडीचे सुळके तेवढे उरले. माणसं राहतात ती किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात.

हा देश 31 जानेवारी 1968 रोजी स्वतंत्र झाला. फॉस्फेटचा व्यवहार स्वतःच्या हातात आल्यावर पैसा इतका आला, की काही काळ नाउरूचं दरडोई उत्पन्न जगातल्या सर्वांत वरच्या देशांत मोजलं जात होतं. मेलबर्नमध्ये नाउरूच्या मालकीची 52 मजली इमारत होती, स्वतःची विमान कंपनी होती. हे मुद्दाम सांगतो, कारण लहान देश म्हटलं की आपण लगेच गरिबीची गोष्ट ऐकायच्या तयारीत बसतो. इथे सुरुवातीला अडचण पैशाची नव्हतीच.

बेटावरचा जिवाभावाचा खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. फॉस्फेटच्या धुळीनं माखलेल्या मैदानावर तो खेळला जायचा, आजही जातो. पण हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. सगळा देश ज्या खेळात घाम गाळतो, त्या खेळातून जगाच्या मोठ्या मैदानाकडे एकही वाट जात नव्हती.

मार्कस स्टीफन 1969 चा. शाळेसाठी तो ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात गेला, पुढे मेलबर्नमध्ये शिकला. तिथे तो वेटलिफ्टिंगकडे वळला आणि पॉल कॉफा या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झाला. हेच कॉफा पुढे पॅसिफिकमधल्या कितीतरी बेटांच्या वेटलिफ्टरांचे गुरू ठरले. वेटलिफ्टिंग हा खेळ अशा देशाला मानवतोही. अकरा जणांचा संघ उभा करावा लागत नाही, तरणतलाव किंवा सिंथेटिक ट्रॅक लागत नाही. एक मंच, एक बार, प्लेट्स आणि रोज येणारी चार माणसं असली की काम सुरू होतं. शिवाय वजनी गट असल्यामुळे लहान चणीच्या खेळाडूला त्याच्याच मापाचे प्रतिस्पर्धी मिळतात.

1990 मध्ये ऑकलंडच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत नाउरू पहिल्यांदा उतरला. 60 किलो गटात स्टीफननं स्नॅचमध्ये (बार एका झटक्यात डोक्यावर उचलणं) सुवर्ण जिंकलं, क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) आणि या दोन प्रकारांचं मिळून एकूण वजन, या दोन्हींत रौप्य. एकूण वजनाचं सुवर्ण भारताच्या परवेश चंदर शर्माकडे गेलं. हलक्या वजनी गटांत भारतीयांनी त्या स्पर्धेत जोरदार कामगिरी केली होती आणि त्याच फळीत हा एकटा नाउरूकर उभा होता. वय वीस. देशाच्या पहिल्याच राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण.

अडचण

पुढचा टप्पा उघड होता: 1992 चं बार्सिलोना ऑलिंपिक. खेळाडू तयार होता, पण त्याला पाठवणारं कुणी नव्हतं.

राष्ट्रकुल स्पर्धेचं दार नाउरूसाठी उघडं होतं. तो देश तेव्हा राष्ट्रकुलाचा विशेष सदस्य होता, पूर्ण सदस्यत्व 1999 मध्ये मिळालं. ऑलिंपिकचं दार वेगळं आहे. तिथे खेळाडू स्वतःची प्रवेशिका भरू शकत नाही, त्याचं सरकारही भरू शकत नाही. ती भरायची राष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं आणि त्या समितीला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता हवी. नाउरूकडे अशी मान्यताप्राप्त समिती नव्हती.

मान्यतेसाठी लागतं काय, हे बघितलं की पेच नेमका कळतो. ऑलिंपिक सनदेनुसार राष्ट्रीय समितीत किमान पाच अशा राष्ट्रीय संघटना असाव्या लागतात, ज्यांचे खेळ ऑलिंपिकमध्ये आहेत आणि ज्या आपापल्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी संलग्न आहेत. पाच. आपल्याकडे एखाद्या जिल्हा संघटनेची घटना, निवडणूक, लेखापरीक्षण आणि राज्य संघटनेची संलग्नता या गोष्टी ज्यांनी कधी हाताळल्या असतील, त्यांना या आकड्याचं वजन कळेल. दहा हजारांच्या वस्तीत अशा पाच संघटना चालवायच्या, त्यांचे पदाधिकारी निवडायचे, प्रत्येक खेळाचं काहीतरी खरंखुरं काम दाखवायचं. माणसं तीच, संध्याकाळही तीच, आणि बहुतेकांचं मन फुटबॉलमध्ये.

बार उचलण्यात स्टीफन जगातल्या चांगल्या खेळाडूंच्या रांगेत आला होता. त्याच्या देशाकडे कमी होती ती संघटनांची.

समोरचे पर्याय

कागदावर मांडले तर चार पर्याय दिसतात.

थांबणं हा पहिला. समितीचं काम होईपर्यंत राष्ट्रकुल आणि पॅसिफिकमधल्या स्पर्धा खेळायच्या आणि 1996 ची वाट बघायची. निष्ठेच्या दृष्टीनं हा सर्वांत स्वच्छ मार्ग. पण वेटलिफ्टरचं शरीर थांबत नाही. बार्सिलोनाच्या वेळी स्टीफन 22 वर्षांचा असणार होता, अटलांटाच्या वेळी 26 चा. मधल्या चार वर्षांत एक खांदा किंवा एक गुडघा गेला असता, तर सगळंच संपलं असतं. आणि 1996 पर्यंत मान्यता मिळेलच, याची खात्री कुणी देणार होतं का?

दुसरा पर्याय घाईनं समिती उभी करून 1992 पूर्वी मान्यता मिळवण्याचा. दोन वर्षांत पाच संघटना आणि पाच आंतरराष्ट्रीय संलग्नता. माझ्या मते हे शक्यतेच्या पलीकडचं होतं. घाईत केलेला अर्ज एकदा परत आला असता, तर पुढचा अर्जही अवघड झाला असता.

तिसरा पर्याय ऑलिंपिकच्या ध्वजाखाली वैयक्तिक खेळाडू म्हणून उतरण्याचा. बार्सिलोनात युगोस्लाव्हियाचे आणि मॅसिडोनियाचे खेळाडू असेच उतरले. पण ती सोय युगोस्लाव्हियाची फाळणी, युद्ध आणि संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध यांतून निर्माण झाली होती, तीही ऐनवेळी. जिथे फाळणी नाही, युद्ध नाही आणि निर्बंधही नाहीत, फक्त समिती नाही, अशा देशाच्या खेळाडूनं तिच्या भरवशावर तयारी करणं धोक्याचं होतं.

चौथा पर्याय दुसऱ्या देशाच्या नावानं उतरण्याचा. इथे पुन्हा दोन वाटा. ऑस्ट्रेलियात त्याचं शिक्षण झालं होतं, प्रशिक्षक तिथलाच होता, जिमही तिथेच. पण ऑस्ट्रेलियाच्या संघात जागा मिळवणं म्हणजे मोठ्या देशाच्या निवडीच्या चक्रातून जाणं. आणि तिथे गेलेला लहान बेटावरचा खेळाडू सहसा परत येत नाही. दुसरी वाट पश्चिम सामोआची, म्हणजे आजच्या सामोआची. हा देश 1984 च्या लॉस एंजेलिसपासून ऑलिंपिकमध्ये होता, वेटलिफ्टिंगची तिथे चांगली रुजवण होती आणि तोही पॅसिफिकमधलाच एक लहान बेटदेश.

या प्रकरणातला हा पहिला खरा निर्णयबिंदू आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं. ‘दुसऱ्या देशाकडून खेळला’ हे शब्द कानाला बरे वाटत नाहीत. पण कोणाकडून खेळला याइतकंच महत्त्वाचं आहे ते परत येता येईल का, हे. आज सनदेत अशी तरतूद आहे, की एखाद्या देशाच्या नव्या समितीला मान्यता मिळाली तर तिथल्या खेळाडूला आपल्या देशाकडे वळण्याची निवड एकदा करता येते. एरवी देश बदलणाऱ्याला साधारण तीन वर्षं थांबावं लागतं, पण दोन ऑलिंपिकमध्ये चार वर्षं असतातच. म्हणजे सामोआच्या वाटेवर परतीचं दार बंद होत नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर नियमानं नसलं तरी व्यवहारात ते बंद झालं असतं, असं मला वाटतं.

निर्णय आणि कृती

स्टीफननं सामोआचं नागरिकत्व घेतलं आणि 1992 मध्ये बार्सिलोनात पश्चिम सामोआच्या पथकातून उतरला. 60 किलो गटात त्याचा नववा क्रमांक आला. त्या काळात या गटात तुर्कस्तानचा नईम सुलेमानोग्लू होता, ज्याची गणना आजही या खेळातल्या सर्वकालीन महान खेळाडूंत होते. तोही मूळचा बल्गेरियाचा आणि देश बदलून आलेला. त्याची कारणं निराळी आणि फार कडवट होती, पण एकाच गटात दोन देशांतर केलेले खेळाडू उभे होते, हे विसरता येत नाही. अशा गटात ऑलिंपिकच्या पहिल्याच वेळी नववा येणं ही कामगिरी होती. निकालपत्रकात मात्र त्याच्या नावापुढे नाउरू नव्हतं.

दरम्यान बेटावर ऑलिंपिक समितीचं काम चाललं होतं. 1994 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं नाउरूला मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व नाउरूला मिळालं ते त्यानंतर पाच वर्षांनी, 1999 मध्ये. जगाच्या सभागृहात बसण्याआधी हा देश जगाच्या मैदानात पोहोचला.

त्याच 1994 मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीफननं नाउरूसाठी 59 किलो गटातली तिन्ही सुवर्णपदकं जिंकली. सामोआच्या नावानं खेळून दोनच वर्षं झाली होती. आपल्या लोकांसमोर तो पुन्हा आपला होऊन उभा राहिला आणि तिन्ही पदकांवर नाउरूचंच नाव लागलं. हा क्षण मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो, अटलांटापेक्षाही.

काय घडलं

1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये नाउरूचं पहिलं पथक उतरलं. त्यात तीन खेळाडू होते, तिन्ही वेटलिफ्टर: मार्कस स्टीफन, जेरार्ड गराबवान आणि क्विन्सी डेटेनामो.

ज्या दिवसासाठी हा सगळा खटाटोप झाला, त्या दिवशी स्टीफनच्या नावावर एकूण वजनाची नोंदच झाली नाही. वेटलिफ्टिंगचा नियम कठोर आहे. स्नॅचला तीन आणि क्लीन अँड जर्कला तीन प्रयत्न मिळतात. दोन्हींत किमान एक प्रयत्न वैध ठरला नाही, तर क्रमवारीत तुमचं नावच लागत नाही. उसन्या झेंड्याखाली नववा आलेला माणूस स्वतःच्या झेंड्याखाली क्रमवारीबाहेर राहिला. यात कुणाचीही चूक शोधू नये. ज्यांनी हा खेळ जवळून पाहिलाय, त्यांना ठाऊक आहे की चांगल्यातल्या चांगल्या वेटलिफ्टरवर अशी वेळ येते. तरी वाचताना गलबलतंच.

तो थांबला नाही. 1998 च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत पुन्हा तिन्ही सुवर्णं. 1999 मध्ये अथेन्सच्या जागतिक स्पर्धेत 62 किलो गटात क्लीन अँड जर्कचं रौप्य. म्हणजे दहा हजारांच्या बेटावरचा माणूस जगात दुसरा. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अकरावा क्रमांक, 2002 च्या मँचेस्टरमध्ये तीन रौप्यपदकं. राष्ट्रकुल स्पर्धांत त्याची एकूण बारा पदकं झाली: सात सुवर्ण, पाच रौप्य. मँचेस्टरलाच रिअ‍ॅना सॉलोमननं महिलांच्या सर्वांत वरच्या वजनी गटात दोन सुवर्णं जिंकली आणि बेटावरच्या मुलींसाठी मंच मोकळा केला.

पुढची पिढी आली. युकिओ पीटर आणि इट्टे डेटेनामो यांनी ऑलिंपिकमध्ये आपापल्या गटात पहिल्या दहांत जागा मिळवली. 2012 मध्ये लंडनला नाउरूचा पहिला ज्युडोपटू उतरला. स्टीफन 2003 मध्ये संसदेत निवडून गेले आणि डिसेंबर 2007 मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. 2011 पर्यंत ते त्या पदावर होते. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत पीटरनं 77 किलो गटात सुवर्ण आणि डेटेनामोनं 105 किलोंवरील गटात रौप्य जिंकलं, तेव्हा त्या पथकाच्या देशाचा प्रमुख स्वतः जुना वेटलिफ्टर होता. पीटरच्याच गटात भारताच्या सुधीर कुमारला कांस्य मिळालं. पदकतक्त्यात भारताची शंभरी मोजताना आपण कुणीही नाउरूच्या त्या दोन पदकांकडे पाहिलं नाही.

इथे पदकांच्या आकड्यांबद्दल सावध राहायला हवं. 2002 पर्यंत राष्ट्रकुल स्पर्धेत स्नॅच, क्लीन अँड जर्क आणि एकूण वजन यांना वेगवेगळी पदकं होती. एक खेळाडू एका दिवसात तीन पदकं घेऊन जायचा. पुढे फक्त एकूण वजनाचं पदक उरलं. त्यामुळे मँचेस्टरचा ढीग आणि दिल्लीची दोन पदकं शेजारी ठेवून नाउरू घसरला असं म्हणणं अन्यायाचं होईल.

वेगळं काय करता आलं असतं

सामोआचा निर्णय योग्य होता, असं माझं मत आहे. त्यानं नाउरूचं काही हिरावलं नाही. समिती उभी राहीपर्यंतची वेळ त्यानं मिळवून दिली आणि खेळाडूला मोठ्या मंचाचा अनुभवही. ज्या देशानं आपल्या पथकात ही जागा दिली, त्या सामोआचं नाव नाउरूच्या क्रीडा इतिहासात कृतज्ञतेनं घ्यायला हवं.

चूक असलीच तर ती त्याच्या आधीची. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत नाउरूकडे पैसा होता, विमानं होती, मुलं परदेशात शिकत होती. त्या वीस वर्षांत पाच खेळांच्या संघटना कागदावर आणून त्यांची संलग्नता मिळवणं खर्चाचं काम नव्हतं. ते चिकाटीचं काम होतं आणि ते स्टीफनच्या ऑकलंडच्या सुवर्णाची वाट बघत पडून राहिलं. खेळाडू आधी आणि संघटना मागाहून हा क्रम नाउरूच्या एका खेळाडूच्या पहिल्या ऑलिंपिकला महागात पडला.

दुसरा मुद्दा एकाच खेळावर टेकण्याचा. 1996, 2000, 2004 आणि 2008 या चारही ऑलिंपिकमध्ये नाउरूचे फक्त वेटलिफ्टर उतरले. लहान देशानं एकाच खेळात जीव ओतणं शहाणपणाचं आहे, यात शंका नाही. दहा खेळांत थोडं थोडं करून कुठेच पोहोचता येत नाही. पण त्या एका खेळाच्या जागा कमी झाल्या तर काय, याचा विचार समृद्धीच्या काळातच व्हायला हवा होता. फॉस्फेट संपत आलं, गुंतवणुकी बुडाल्या, मेलबर्नची इमारत 2004 मध्ये विकावी लागली. त्यानंतर दुसरा खेळ रुजवायला हातात काही उरलं नाही. मधुमेह आणि लठ्ठपणा यांचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत नाउरू मोडतो, त्यामुळे तिथे खेळाचा प्रश्न पथकापुरता कधीच नव्हता.

जागा खरोखरच कमी झाल्या. 2016 च्या रिओत वेटलिफ्टिंगसाठी एकूण 260 जागा होत्या, टोकियोत 196, पॅरिसला 120. उत्तेजक द्रव्यांची प्रकरणं आणि महासंघातला गैरकारभार यांमुळे ही कपात झाली. तिचा फटका मोठ्या देशांबरोबर या बेटांनाही बसला.

आणि झेंड्याचा प्रश्न उलट्या दिशेनं परत आला. चरिस्मा अमो-टारंट ही नाउरूची वेटलिफ्टर. 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं नाउरूसाठी रौप्य जिंकलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती उतरली ऑस्ट्रेलियाकडून. तिला दोष देण्याचं काहीच कारण नाही. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या, तिथेच सराव करणाऱ्या खेळाडूनं तिथल्या संघाकडे जाणं स्वाभाविक आहे. 1992 मध्ये स्टीफनला समिती नव्हती म्हणून जावं लागलं. हिच्या वेळी समिती होती, मान्यता होती, माजी राष्ट्राध्यक्षही याच खेळातले होते. कमी पडलं ते रोजच्या सरावाचं ठिकाण, स्पर्धांची संधी आणि पुढच्या आयुष्याचा आधार. या तीन गोष्टींपैकी सरावाचं ठिकाण तरी प्रदेशातल्या बेटांनी मिळून उभं केलं होतं: कॉफा यांची ओशनिया वेटलिफ्टिंग संस्था, न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ इथली. तिथे वेगवेगळ्या बेटांची मुलं एकत्र राहून तयार व्हायची. एकट्या नाउरूला जे झेपणार नाही, ते अशा सामायिक घरातून झेपतं. त्या घराला कायमचा निधी मिळणं ही नाउरूसाठी कुठल्याही नव्या स्टेडियमपेक्षा मोठी गोष्ट ठरली असती.

2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत मॅक्सिमिना उएपानं नाउरूसाठी कांस्य जिंकलं. दोन वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकला नाउरूचा एकच खेळाडू गेला, 100 मीटर धावणारा. अटलांटापासून टोकियोपर्यंत प्रत्येक ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगच्या यादीत नाउरूचं नाव होतं. पॅरिसच्या यादीत ते नव्हतं.